आईची पत्त्यांची यादी फोनमध्ये आणताना

एका फोनमधले नंबर दुसऱ्या फोनमध्ये नेणं आता फार सोपं झालंय. पत्त्यांचं तसं नाही, आणि माझ्या आईची यादी पत्त्यांचीच होती. लग्ना-मुंजीच्या पत्रिकांवर चिकटवायची लेबलं छापता यावीत म्हणून तिने सांगलीच्या घरातल्या संगणकावर, एक्सेलमध्ये, ती वर्षानुवर्षं वाढवत नेली होती. आडनाव, नाव, घर, गल्ली, गाव, पिन कोड, आणि शेवटच्या रकान्यात कोण कोणाचं कोण लागतं ते. फोन नंबर मागाहून जोडलेले. तो संगणक आता धड सुरू होईना, तेव्हा यादी तिच्या अँड्रॉइड फोनमध्ये आणायचं मी मनावर घेतलं. पत्ते आणि नात्यांची टिपणं सगळीच्या सगळी यायला हवीत आणि नावं देवनागरीतच राहायला हवीत, हे आधीच ठरवलं. त्यामुळे सिमकार्डाचा विचार सोडून दिला. सिममध्ये जेमतेम नाव आणि नंबर मावतो. यादी गूगल खात्यात चढवायची, म्हणजे फोनमध्ये ती आपोआप उतरते.

खरा वेळ गेला तो लिपीत. यादीचा जुना भाग युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला होता. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे फाँट ज्यांनी वापरलेत त्यांना ठाऊक असेल: फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फोनमध्ये तो फाँट नाही, म्हणजे तिथे नुसता गिचमिड मजकूर दिसणार. हे युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. मी तिथे नावांचा रकाना वेगळा टाकला, पत्त्यांचा वेगळा, आणि फोन नंबर अजिबात टाकले नाहीत. शंभर घरांची माहिती कुठल्याशा अनोळखी पानावर एकत्र ओतणं मला पटत नाही.

बदललेलं प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावं लागतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो. त्यामुळे शिर्के, कुलकर्णी, निंबाळकर अशा आडनावांत गडबड होते. सगळ्यात नाजूक म्हणजे गोऱ्हे, कऱ्हाडकर, वऱ्हाडपांडे यांच्यातला तो आडवा अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकमेकांशी जुळतीलच असं नाही. अशी सगळी नावं मी आईच्या फोनच्या कळफलकावर जशी उमटतात तशीच पुन्हा टाइप केली, म्हणजे ती शोधेल तेव्हा सापडतील.

मग नंबर. सांगलीचा एसटीडी कोड 0233, पण एक्सेलला तो आकडा वाटतो आणि पुढचं शून्य गळून पडतं. +91 लावलेल्या मोबाइल नंबरचं अधिकचिन्ह जातं आणि नंबर 9.19E+11 असा काहीतरी दिसायला लागतो. उपाय साधा आहे: नंबरांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, मगच दुरुस्त्या करायच्या. सगळ्या मोबाइल नंबरांना मी +91 लावून घेतलं. परदेशातल्या भाच्यालाही आईकडून हीच यादी घ्यायची होती, आणि तिथे देशाच्या कोडशिवाय नंबर लागत नाही. एका चौकटीत तिरकी रेघ देऊन दोन-दोन नंबर होते, ते वेगवेगळ्या रकान्यांत काढले.

पिन कोड तपासणं त्यामानाने पटकन झालं. महाराष्ट्रातला कोड 40 ते 44 यांपैकी एका आकड्याने सुरू होतो आणि एकूण आकडे सहा. क्रमवारी लावली की चुकलेले लगेच वर येतात.

गूगल कॉन्टॅक्ट्सला रकान्यांची ठरावीक नावं लागतात. ती पाठ करण्यापेक्षा मी संगणकावर तिथे एक नाव हाताने भरलं. त्यात उपपद, टोपणनाव, दोन नंबर, पूर्ण पत्ता, टीप सगळं घातलं आणि ते ‘गूगल सीएसव्ही’ म्हणून एक्स्पोर्ट केलं (सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल). हातात आयता साचा आला, त्यात आईचे रकाने बसवले. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडायचा. साधं सीएसव्ही निवडलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि ही फाइल पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायची नाही, कारण सीएसव्हीत ‘टेक्स्ट’ची खूण टिकत नाही आणि शून्यं परत गळतात. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघावी.

आधी चार-पाच नावांची छोटी फाइल चढवून पाहिली, मग पूर्ण. एका वेळी 3,000 नावं चढवता येतात, घरगुती यादीला ते भरपूर झालं. इम्पोर्ट केलेल्या नावांना गूगलमध्ये एक वेगळं लेबल, म्हणजे गटाचं नाव, मिळतं, त्यामुळे काही बिनसलं तर तेवढीच निवडून काढता येतात. शिवाय 30 दिवसांपर्यंत यादी पूर्वीच्या स्थितीला नेता येते. हे माहीत असलं की हात धजावतो.

‘कै.’ लावलेली नावं आली तिथे आम्ही दोघी थांबलो. मी म्हटलं, “आई, ही काढायची का?” ती म्हणाली, “नंबर काढ. नाव-पत्ता राहू दे. घर तेच आहे, पत्रिका काकूंना जाते.” तिचं बरोबर होतं, आणि नंबराचंही. बंद झालेला मोबाइल नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. काकांच्या नावापुढे एखाद्या दिवशी परक्या माणसाचा फोटो दिसणं तिला सहन झालं नसतं. ती सगळी घरं आम्ही काकू, वहिनी, मुलांच्या नावावर केली आणि मूळ नाव टिपेत लिहिलं. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कोणाचं कोण हे फक्त तिला माहीत होतं, आणि ते बोलता बोलता यादीत उतरत गेलं.

टोपणनावाच्या रकान्यात ती ज्या नावाने हाक मारते ते घातलं: ठाण्याची मावशी, बँकेतले भाऊजी, वाड्यातल्या काकू. आता शोधताना ती तेच टाइप करते. पत्त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडतो. ‘मारुतीच्या देवळामागे’ असले पत्ते नकाशाला समजत नाहीत, पण पोस्टमनला समजतात, म्हणून ते तसेच ठेवले.

भाच्याकडे आयफोन आहे. त्याच्यासाठी हीच यादी व्हीकार्ड, म्हणजे कुठल्याही फोनला वाचता येणारी नाव-पत्त्यांची फाइल, म्हणून काढली आणि ईमेलने पाठवली, तिकडे ती सरळ उघडली. आईच्या फोनमध्ये ‘पत्रिका’ नावाचा एक गट केलाय. पुढच्या कार्यात तेवढीच नावं सीएसव्हीत काढून माझ्या लॅपटॉपवर लेबलं छापायची आहेत, आणि नवीन सुनांची माहेरं त्याआधी भरून होतील असं तिने सांगून ठेवलंय.