ऑप्शन फॉर्म कोणी भरला?

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे सीईटीचं सुविधा केंद्र असतं, आणि कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलांपैकी एक माझं.

एक मुलगी वडिलांबरोबर ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या, दाखल्यातली चूक दुरुस्त करायला आली होती. सीईटीत ९६ च्या वर पर्सेंटाइल. सहज विचारलं, ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या महाविद्यालयांची पसंतीक्रमानं यादी, भरला का?

"दादानं भरलाय."

लॉगिनचा पासवर्ड दादाकडे, ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर. त्याला फोन लावून फॉर्म उघडला. तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. तिथे एकच होता, तालुक्याजवळचं एक खासगी महाविद्यालय. फॉर्म अजून कन्फर्म केलेला नव्हता, एवढं बरं. हा दादा तिच्याहून बरेच कमी गुण मिळवून पुण्यात शिकतोय. त्याची निम्मी फी घरून भरतात.

वडील वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. दोन एकर कोरडवाहू. "पोरगी हुशार हाय मॅडम, शिकवायचं न्हाई असं म्हणत न्हाई मी. पण जवळ असली की जिवाला घोर न्हाई."

फी माफ आहे हे त्यांना माहीत होतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं होतं. पण ही माफी जवळच्या आणि लांबच्या, दोन्ही महाविद्यालयांना सारखीच आहे. आपल्या पोरीला त्यातली सगळ्यात चांगली जागा मिळू शकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. प्रवेशात महिलांसाठी ३० टक्के जागा असतात, कटऑफच्या यादीत त्यांचे कोड 'एल' अक्षरानं सुरू होतात. गेल्या वर्षीची यादी काढून मी त्या ओळी त्यांना बोटानं दाखवल्या.

मग विचारलं, या जवळच्या कॉलेजातून ती घरी कशी येणार? एसटीनं फाट्यापर्यंत, तिथून गाव दोन किलोमीटर. प्रॅक्टिकल संपवून हिवाळ्यात फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो. शिवाय अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतच. वडील बराच वेळ गप्प बसले. जवळ म्हणजे सुरक्षित, हे गणित त्यांनी कधी त्या रस्त्यावर मांडून पाहिलं नव्हतं.

आमच्या वसतिगृहातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मी बोलावून घेतलं. तिनं थेट या पोरीच्या घरी, तिच्या आईशी फोनवर बोलणं केलं. आईचे प्रश्न साधे होते. रात्री दार किती वाजता लावतात, जेवण कसं असतं, आजारी पडली तर कोण बघतं? उत्तरं ऐकून आई म्हणाली, "त्यांना द्या फोन." पुढे त्या दोघांचं काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण फॉर्म पुन्हा भरायचं ठरलं. या वेळी माउस पोरीच्या हातात होता. नंबर आणि पासवर्डही तिचाच केला.

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या देशव्यापी पाहणीत मुलींचं नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयोगटातल्या मुलींच्या संख्येच्या तुलनेत) २८.५ आणि मुलांचं तसंच २८.३ टक्के आहे. आकडा खरा आहे आणि आनंदाचाही. पण त्याच देशात बी.टेक.ला मुली तीस टक्क्यांच्या आत आहेत. आता दरी आहे ती कुठे आणि काय शिकायचं यात, आणि ती अशा एका पर्यायाच्या फॉर्ममध्ये तयार होते. त्या फॉर्मची नोंद कुठल्याच पाहणीत होत नाही.

तिला छत्रपती संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. फी शून्य, पण वसतिगृहाची अनामत आणि मेसचा आगाऊ महिना रोख लागला. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, पण तो प्रवेशानंतर अर्ज करून खात्यात यायचा. मधले पैसे मामानं दिले. मामा नसलेल्या मुलींसाठी हा भत्ता प्रवेशाच्या दिवशीच मिळायला हवा, असं मी आमच्या प्राचार्यांमार्फत लेखी कळवलं आहे.