वाचनमेळ्यातली कासवे

आमच्या शाळेचा वाचनमेळा दर वर्षी 16 जूनच्या आगेमागे भरत असे. समुद्री कासवांच्या अभ्यासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या आर्ची कार यांचा जन्म 1909 मध्ये याच तारखेला झाला आणि म्हणून हा दिवस जगभर समुद्री कासव दिन म्हणून पाळला जातो, एवढे कारण आम्हाला तारीख ठरवायला पुरेसे होते. स्नेहसंमेलनाला जसे पाहुणे, पडदे आणि बक्षिसांची यादी लागते, तसे या मेळ्याला काहीच लागत नसे. सभागृहातली बाके भिंतीला लावायची, फरशीवर खडूने भरतीची रेषा आखायची, रेषेच्या एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे असे मानायचे, आणि मग पहिलीपासून सातवीपर्यंतच्या मुलांनी दिवसभर त्या फरशीवर बसून वाचायचे. भाषा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो दिवस वर्षातला सर्वांत दमवणारा आणि सर्वांत आवडता वाटे.

वाचनासाठी कासवच का, असे पालक विचारत. त्याचे उत्तर असे की मुलांना कासव आधीपासून ठाऊक असते आणि जे ठाऊक असते, ते समुद्री कासवाला बहुतांशी लागू पडत नाही. गोष्टीतले कासव संथ चालते आणि धोका दिसताच मान व पाय कवचात ओढून घेते; समुद्री कासवाला मान किंवा पाय आत घेताच येत नाहीत, आणि पाण्यात ते मुळीच संथ नसते. संतवाङ्मयातली कासवी पैलतीरावरच्या पिल्लांना नुसत्या दृष्टीने वाढवते. प्रत्यक्षातली मादी अंडी घालून, खड्डा वाळूने बुजवून समुद्रात निघून जाते आणि बाहेर येणारी पिल्ले पाहायला ती तिथे नसते. कवीची कल्पना आणि माहितीचा उतारा या दोन्हींना आपापली जागा आहे, पण वाचताना आपण यातल्या कोणत्या जागी आहोत हे ओळखता आले पाहिजे. ओळखीच्या विषयावरचा अनोळखी मजकूर हाती दिला की मूल खरोखर वाचते आहे की आठवणीतून बोलते आहे, हे लगेच कळते. माझ्या मते वाचन शिकवण्यातली निम्मी अडचण इथेच आहे. मुले अक्षरे ओळखतात, ओळीवरून बोटही नीट फिरवतात आणि शेवटी मजकुरात नसलेलेच सांगतात.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वाक्यपट्ट्या असत. 'मादी रात्री वाळूवर येते.' 'ती मागच्या पायांनी खड्डा खणते.' 'ती शंभराच्या आसपास अंडी घालते.' 'ती खड्डा बुजवते.' 'ती समुद्रात परत जाते.' 'पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात.' 'पिल्ले समुद्राकडे निघतात.' एका पट्टीवर एकच वाक्य, तेही ठळक अक्षरांत, आणि साऱ्या पट्ट्या विस्कटून दिलेल्या; खडूच्या रेषेच्या अल्याड-पल्याड त्या क्रमाने मांडायच्या. एका वर्षी दुसरीतल्या एका मुलीने 'ती समुद्रात परत जाते' ही पट्टी उचलून सर्वांत शेवटी, पिल्लांच्याही मागे ठेवली. तिच्या जोडीदाराने ती वर नेली, तिने पुन्हा खाली आणली. पिल्ले बाहेर येण्याआधीच आई कशी निघून जाईल, असा तिचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. तिच्या बाईंनी चूक की बरोबर यावर काहीच म्हटले नाही. त्यांनी 'ती खड्डा बुजवते' ही पट्टी तिच्या हातात देऊन मोठ्याने वाचायला सांगितली. मुलीने ती वाचली, क्षणभर पट्टीकडेच पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ती थांबणार नाहीये." मग तिने स्वतःच पट्टी वर सरकवली, पण चेहरा नाराजच होता. क्रम लावणे हे कौशल्य शिक्षकांच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलेले असते. तो क्रम वाक्यांमधल्या खुणांवरून लावायचा असतो आणि मनाला बरे वाटेल ते बाजूला ठेवावे लागते, हे त्या मुलीच्या नाराज चेहऱ्याइतके स्पष्ट मला कोणत्याही पुस्तिकेत दिसले नाही.

काही गट सुरुवात अंड्यापासून करत, काही मादीच्या येण्यापासून. दोन्ही मान्य होते, कारण जीवनचक्र कुठूनही वाचायला घेतले तरी चालते. अट एवढीच की सुरुवात कुठून केली ते सांगता यावे.

तिसरी-चौथीचे प्रकट वाचन हा मेळ्याचा सर्वांत गाजणारा भाग होता. उतारा घरट्याचा असे. अंडी वाळूखाली साधारण 45 ते 60 दिवस उबतात, पिल्लू चोचीच्या टोकावरच्या छोट्या टणक उंचवट्याने अंड्याचे कवच फोडते, पण फोडल्याबरोबर ते एकटे वर धाव घेत नाही. घरट्यातली पिल्ले एकमेकांना ढकलत, वरची वाळू खाली पाडत, हळूहळू वर सरकतात. वरचा थर तापलेला लागला की थांबतात आणि वाळू निवली की पुन्हा हालचाल सुरू करतात, म्हणून बहुतेक वेळा ती रात्रीच बाहेर पडतात. हा मजकूर आम्ही मुलांमध्ये अशा रीतीने वाटून देत असू की एका वाक्याचा धागा दुसऱ्याने उचलावा. जिथे पिल्ले थांबतात तिथे पूर्णविराम, जिथे पुन्हा सरकतात तिथे पुढचा आवाज. एरवी विरामचिन्हांकडे ढुंकूनही न पाहणारी मुले त्या पूर्णविरामापाशी श्वास रोखून थांबत, आणि कोणी घाईने पुढे गेले तर बाकीची त्याच्याकडे अशी पाहत की शिक्षकाला बोलण्याची गरजच उरत नसे. एकसुरी वाचनावर इतका गुणकारी उपाय मला दुसरा सापडलेला नाही.

या मुलांसाठी आणखी एक उतारा असे, अश्रूंचा. अंडी घालायला वाळूवर आलेल्या मादीच्या डोळ्यांतून चिकट पाणी ओघळताना दिसते. आधी फक्त एवढेच वाक्य वाचायला द्यायचे आणि विचारायचे, असे का होत असेल? तिला दुखत असेल, पिल्लांना सोडून जायचे दुःख होत असेल, डोळ्यांत वाळू गेली असेल, अशी उत्तरे येत. ती सगळी फळ्यावर लिहिली जात. मग उताऱ्याचा पुढचा भाग वाचला जाई: समुद्री कासवाच्या डोळ्यांजवळ ग्रंथी असतात, शरीरात गेलेले जादा मीठ त्या बाहेर टाकतात, आणि हे काम पाण्यातही चालूच असते, फक्त ते आपल्याला जमिनीवर दिसते. आता फळ्यावरच्या कोणत्या उत्तराला मजकुराचा आधार आहे, ते मुलांनी ओळीवर बोट ठेवून दाखवायचे. एका मुलाने बराच विचार करून सांगितले की मीठ बाहेर पडते हे खरे, पण तिला दुःख होत नाही असे कुठे लिहिले आहे? उताऱ्यात तसे लिहिलेले नव्हते, ही गोष्ट सर्वांनी मान्य केली, आणि फळ्यावर 'मजकुरात आहे' व 'मजकुरात नाही' यांच्या शेजारी 'मजकूर सांगत नाही' असा तिसरा रकाना पडला. पुढच्या प्रत्येक मेळ्यात तो रकाना राहिला. परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकांना अशा रकान्याची सवय नसते, ही मात्र खंत आहे.

पाचवीपासून पुढे उतारे लांबत आणि त्यांत कारण आणि परिणाम गुंफलेले असत. घरट्यातली वाळू साधारण 29 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेली राहिली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर जास्त निपजतात, या एका वाक्यावर तासभर बोलता येते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात उपजलेल्या हिरव्या कासवांच्या वाढत्या पिढीत 99 टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या; हा परिच्छेद आधीच्या वाक्याशेजारी ठेवला की पुढचा तर्क मुले आपणहून करत. पिल्लांना समुद्र कसा सापडतो, हा उतारा वाचण्याआधी बहुतेकांना वाटे की लाटांचा आवाज ऐकून. वाचल्यावर कळे की ती किनाऱ्यामागच्या उंच, काळोख्या बाजूकडे पाठ करून उजळ क्षितिजाकडे निघतात, आणि म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना उलट दिशेला ओढून नेतात. 'साधारण', 'बहुतेक', 'अंदाजे' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची, हा या वर्गांचा नियम होता. विशेषतः हजारांतले एखादेच पिल्लू मोठे होते, या सर्वत्र ऐकू येणाऱ्या वाक्यापाशी.

नकाशावाचनाला ॲडेलिटा होती. 1996 मध्ये मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळून, पाठीवर उपग्रह-प्रेषक लावून सोडलेली ही लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवाची मादी साधारण वर्षभरात प्रशांत महासागर ओलांडून जपानच्या दिशेने पोहोचली, आणि तिचा प्रवास देशोदेशीच्या शाळकरी मुलांनी इंटरनेटवर पाहिला. आमची मुले तो नकाशा भिंतीवर लावून तिचा मार्ग बोटाने गिरवत, आणि मग त्याच्या खालची बारीक अक्षरांतली ओळ, प्रमाणपट्टी, तारखा, सगळे वाचत. चित्राखालची ओळ हीसुद्धा वाचायची असते, हे मुलांना शिकवायला किती वर्षे लागतात ते शिक्षकच जाणोत. आर्ची कार यांनी कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर 1955 पासून कासवांना खुणेचे बिल्ले लावले, त्यामुळे तीच मादी काही वर्षांनी त्याच किनाऱ्यावर पुन्हा आल्याचे नोंदवता आले. पण अंड्यातून निघालेले पिल्लू समुद्रात शिरल्यापासून बरेच मोठे होऊन दिसेपर्यंत कुठे असते, हा काळ संशोधकांनाही दीर्घकाळ अंधारात होता आणि त्याला हरवलेली वर्षे असेच म्हटले गेले. सातवीची मुले या परिच्छेदावर हटकून रेंगाळत. माहितीच्या उताऱ्यातही रिकामी जागा असू शकते आणि लेखक ती प्रामाणिकपणे रिकामी ठेवतो, हे त्यांना नवे होते.

दुपारच्या जोडवाचनात सातवीतले मूल पहिलीतल्या मुलाशेजारी बसे. मोठ्याने वाचून दाखवायचे, लहानाने अडवले की थांबायचे, आणि उत्तर पाठ असले तरी ते ओळीत शोधून दाखवायचे, एवढेच नियम. मधल्या काही वर्षांत मेळ्याला मुखवटे, कासवाचा पोशाख, नाच असे जोडावे अशी सूचना वारंवार आली, आणि एका वर्षी ते करूनही पाहिले गेले. पोशाख देखणे झाले, छायाचित्रेही चांगली आली. त्या वर्षी वाचन मात्र जेमतेम झाले, कारण पुठ्ठ्याच्या कवचात बसून पुस्तक धरता येत नाही. पुढच्या वर्षी मुखवटे कपाटात राहिले आणि त्याबद्दल मुलांनी फारशी तक्रार केली नाही.

दिवस संपताना प्रश्नवही फिरे. दिवसभराच्या वाचनातून ज्याचे उत्तर मिळाले नाही असा एक प्रश्न प्रत्येकाने लिहायचा, आणि पुढच्या वर्षीचे नवे उतारे आम्ही त्यांतूनच तयार करायचे. कासव झोपते कुठे, या प्रश्नावरचा उतारा असाच झाला; खडकांच्या किंवा प्रवाळांच्या कपारीत विसावलेले कासव दीर्घ काळ श्वासाविना राहू शकते, पण श्वास घ्यायला त्याला वर यावेच लागते, हे तिथे आले. हॉक्सबिल कासव स्पंज नावाचे समुद्री प्राणी खाते, प्रौढ हिरवे कासव सागरी गवत चरते आणि लॉगरहेड कठीण कवचाचे प्राणी जबड्याने फोडते, हा तुलनेचा तक्ताही 'सगळी कासवे एकच खातात का?' या वेड्यावाकड्या अक्षरांतल्या ओळीतून निघाला. सर्वांत यशस्वी ठरला तो मात्र दातांचा उतारा. समुद्री कासवाला दात नसतात, पण लेदरबॅक कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेल्या टोकदार काट्यांची दाटी असते, त्यामुळे गिळलेला बुळबुळीत जेलीफिश परत बाहेर निसटत नाही, असे त्यात लिहिले होते आणि सोबत घशाचे रेखाचित्र होते. या उताऱ्यात जोडाक्षरे भरपूर होती, वाक्येही लांब होती, आणि तो पाचवीसाठी म्हणून लिहिलेला होता. ग्रंथालयात त्याची प्रत जागेवर कधीच सापडत नसे. शोधायला गेले की ती हमखास दुसरीच्या वर्गात, कोणाच्या तरी दप्तरात मिळे.