आज दिवसभर ग्रिफन
सकाळी सहज ग्रिफन या ब्रिटिश रॉक बँडचा रेड क्वीन टू ग्रिफन थ्री लावला आणि मग दिवसभर दुसरं काही लावावंसंच वाटलं नाही. १९७४ चा अल्बम, चारच ट्रॅक, गाणारं कुणी नाही, सगळी थीम बुद्धिबळाची. रिचर्ड हार्वे आणि ब्रायन गलंड, दोघं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधले, आणि रॉक बँडमध्ये त्यांनी काय आणलं तर क्रमहॉर्न, म्हणजे छत्रीच्या दांड्यासारखं खाली वाकलेलं जुनं लाकडी वाद्य, पत्ती आपल्या सनईसारखी दुहेरी पण टोपणात झाकलेली, ओठ लागतच नाहीत, त्यामुळे आवाज कसा भुंग्यासारखा गुणगुणत येतो. लॅमेंट या ट्रॅकमधलं बॅसून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) ऐकताना तर मी हातातलं काम बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो, खरंच. त्याच वर्षीचा मिडनाइट मशरम्प्स पण ऐका, त्यातली पहिली मोठी रचना शेक्सपिअरच्या द टेम्पेस्ट नाटकाच्या संगीतातून आलीये. येस या गाजलेल्या रॉक बँडसोबत अमेरिकेत टूर केली यांनी, तरी आज किती जणांना नाव माहितीये? फार वाईट वाटतं. रात्री हेडफोन लावून परत ऐकणार आहे, कुणाला लिंक हवी असेल तर सांगा.