यंत्राच्या गळ्याची पट्टी

परळच्या आमच्या घराच्या माळ्यावर १९९०च्या दशकातला, टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम पडून होता. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल होती आणि तशा नकला तेव्हा मुंबईत घरोघरी असत. दोन वर्षांपूर्वी मी त्याची चार स्क्रू काढून पेटी उघडली, तेव्हा आत एकच मोठी चिप दिसली, तीही काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली. फुगलेले दोन कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलले आणि यंत्र पुन्हा चालू झाले. लहानपणी ज्या आवाजाने दुपार भरून जात असे, त्याच आवाजात भैरवीतली एखादी छोटी रचना बांधता येईल का, हे पाहण्याची ओढ मला तेव्हाच लागली.

मूळ फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाचे पाच मार्ग, म्हणजे चॅनेल, आहेत: दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेला छोटा नमुना वाजवणारा. एका चॅनेलवर एका वेळी एकच स्वर वाजतो. पेटीवर डाव्या हाताने सा-प धरून उजव्या हाताने गत वाजवणाऱ्या माणसाला हा हिशोब प्रथम फार कंजूष वाटतो. पहिला चौकोनी तरंग मी गाण्याला दिला आणि दुसरा तानपुऱ्याला. चिपट्यून संगीतात, म्हणजे जुन्या गेमच्या अशा चिपांवर बांधलेल्या संगीतात, एकाच चॅनेलवर तीन स्वर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे टीव्हीवरच्या दर चित्रागणिक, आळीपाळीने बदलून स्वरमेळाचा भास निर्माण करतात, आणि ती युक्ती या शैलीची ओळखच झाली आहे. मीही सा, प आणि तार सा तसे फिरवून पाहिले, पण भैरवीच्या खाली ती थरथर सतत लक्ष वेधून घेत होती. शेवटी आवाज पंधरापैकी तीनवर आणून मी हे स्वर एकामागोमाग एक, सावकाश, तार छेडल्यासारखे ठेवले.

त्रिकोणी तरंगाला आवाजाची पातळीच नसते. तो वाजतो किंवा थांबतो, हळूहळू विरत नाही. त्यावर मी बायाँ, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा डग्गा, बसवला. उंच स्वरापासून सुरुवात करून चार-पाच फ्रेममध्ये स्वर झपाट्याने खाली घसरवला आणि लगेच तोडला, की कानाला घुमारा असलेला ‘घे’ ऐकू येतो. ‘ना’साठी खरखरीच्या चॅनेलवर दोन फ्रेमचा तीव्र ठोका पुरला. पाचव्या चॅनेलवर खऱ्या तबल्याचा नमुना घालण्याचाही प्रयत्न केला होता. तिथे एका नमुन्याला जास्तीत जास्त ४०८१ बाइट मिळतात, म्हणजे सर्वात वरच्या वेगाला एक सेकंदही भरत नाही, आणि प्रत्येक पुढचे पाऊल फक्त वर किंवा खाली एवढेच नोंदवले जात असल्याने चाटीचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, स्वच्छ नाद घोगरा होतो. घसरणाऱ्या त्रिकोणाचा बायाँ मला त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटला.

लिहिण्यासाठी मी फॅमिट्रॅकर हे विंडोजवरचे मोफत सॉफ्टवेअर वापरले. ट्रॅकरमध्ये वेळ वरून खाली वाहते. प्रत्येक ओळ म्हणजे काळाचा एक तुकडा आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक चॅनेल. ट्रॅकर उघडला की समोर ६४ ओळींचा कोरा तक्ता येतो, आणि चारांच्या पटीतला तो तक्ता माणसाला नकळत आठ मात्रांच्या केरव्याकडे ढकलतो, हे मला दोन-तीन आठवड्यांनी उमगले. मला दादरा हवा होता. मात्रेला चार ओळी धरून सहा मात्रांच्या २४ ओळी, म्हणून मी तक्ता ४८ ओळींचा केला आणि त्यात दोन आवर्तने मांडली. त्या दिवसापासून रचना दादऱ्यासारखी चालू लागली.

खरी अडचण मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात, आली. मी काळी एकची पट्टी घेतली होती, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली होती, कारण घरची पेटी आम्ही त्याच पट्टीत वाजवतो. रचना काकांना ऐकवली. त्यांनी आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवली आहे. संगणकाशी त्यांचा संबंध नाही. डोळे मिटून ऐकता ऐकता ते थांबले.

“अरे, धैवतावरून पंचमावर उतरताना काहीतरी अडखळते आहे. दर वेळी त्याच जागी ‘टक्’ होते.”

मी पुन्हा ऐकले आणि ते खरे होते. कारण शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. चौकोनी तरंगाचा स्वर ही चिप अकरा बिटांच्या एका संख्येवरून ठरवते; संख्या लहान तर स्वर उंच. ही संख्या दोन तुकड्यांत लिहिली जाते, खालचे आठ बिट एकीकडे आणि वरचे तीन दुसरीकडे. संख्या २५५वरून २५६वर जाते, तेव्हा वरचा तुकडा बदलावा लागतो, आणि तो लिहिताच तरंग आपल्या सुरुवातीपासून पुन्हा चालू होतो. ‘टक्’ होते ते तिथे. ही सीमा सुमारे ४३६ हर्ट्झवर येते, खालच्या सप्तकात ५११ आणि ५१२च्या मध्ये, सुमारे २१८ हर्ट्झवर. म्हणजे दोन्ही वेळी ती काळी चार आणि पांढरी सहा यांच्यामध्येच पडते. काळी एकच्या पट्टीत काळी चार हा पंचम आणि पांढरी सहा हा कोमल धैवत. भैरवीचा जीव ज्या मींडेत आहे, नेमक्या त्याच मींडेच्या मधोमध चिपने आपला उंबरठा ठेवला होता.

हे मी काकांना पेटीच्या पट्ट्यांवर बोट ठेवून समजावले. त्यांनी क्षणभर विचार केला.

“मग सा बदल ना. गाणारा आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी घेतो. तुझ्या यंत्राचाही गळाच आहे की.”

काळी चारचा सा घेतला असता, तर उंबरठा षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यामध्ये आला असता, आणि ते तितकेच वाईट. शेवटी पांढरी दोनचा सा ठरला. त्यात पंचम येतो पांढरी सहावर आणि धैवत काळी पाचवर, म्हणजे दोघेही सीमेच्या एकाच बाजूला. अडथळा सरकला मध्यम आणि पंचमाच्या मध्ये; तिथे मींड घ्यायची नाही, स्वर सुटे लावायचे, एवढे पथ्य मी पाळले. यातून रचनेची चालही बदलली आणि ती मला आधीपेक्षा अधिक आवडते.

मींड लिहितानाचा आणखी एक अनुभव सांगण्याजोगा आहे. धैवतापासून पंचमापर्यंत या चिपला मंद्र सप्तकात २८ पायऱ्या मिळतात, मध्य सप्तकात १४ आणि तार सप्तकात अवघ्या ७. घसरण्याचा एकच आकडा तिन्ही सप्तकांत दिला, तर मंद्रातली मींड रेंगाळते आणि तारेतली झटका देऊन संपते. त्यामुळे प्रत्येक मींडेचा वेग मी स्वतंत्रपणे, ऐकून ऐकून लावला, आणि तार सप्तकात तर मींड जवळजवळ टाळलीच.

रचना पूर्ण झाल्यावर ती फॅमिट्रॅकरमधून ३२ किलोबाइटच्या रॉममध्ये उतरवली, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या कॅसेटवर चढवली आणि माळ्यावरच्या त्या यंत्राला लावली. संगणकावर जे ऐकले होते, ते टीव्हीतून आलेच नाही. लय मंदावली होती, कारण संगणकावर मी सेकंदाला ६० फ्रेम धरल्या होत्या आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेले हे यंत्र ५० फ्रेमवर चालते. प्रत्येक ओळीला आठ फ्रेम दिल्याने मिनिटाला ११२ मात्रांची लय ९४पर्यंत खाली आली होती. ओळीला सात फ्रेम दिल्या तर १०७ आणि सहा दिल्या तर १२५. मधले काही हवे असेल, तर काही ओळी लांब आणि काही आखूड कराव्या लागतात, आणि दादऱ्यात ते डगमगणे मला सहन होईना. मी १०७ घेतली आणि सगळ्या मींडा पुन्हा मोजल्या.

दुसरा बदल आवाजाच्या जातीतला होता. चौकोनी तरंग किती वेळ वर राहतो यावर त्याचा पोत ठरतो. मी गाण्यासाठी २५ टक्क्यांचा, थोडा अनुनासिक, सनईकडे झुकणारा पोत निवडला होता. यंत्रातून मात्र ५० टक्क्यांचा पोकळ आवाज आला. अशा अनेक नकली चिपांमध्ये २५ आणि ५० टक्के यांची अदलाबदल झालेली असते. ट्रॅकरमध्ये मुद्दाम उलटे आकडे लिहिले, तेव्हा टीव्हीतून सनई ऐकू आली.

गेल्या महिन्यात काका पुन्हा आले. मी यंत्र सुरू केले, त्यांनी पेटी पुढे ओढली आणि पांढरी दोन दाबली. दोन्ही आवाजांमध्ये लाटा उठू लागल्या, कारण या यंत्राचे घड्याळ किंचित मंद आहे आणि त्याचा प्रत्येक स्वर पेटीपेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे एक षष्ठांशाने खाली लागतो. काकांनी भाता बंद केला, पेटी बाजूला सरकवली, आणि टीव्हीतल्या षड्जात आपला आवाज मिळवून ते गाऊ लागले.