आमची वाटचाल : पाना जाईल तिथे गाळणी

आम्ही विमानं बनवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापूरला सुट्टीवर गेलो की कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून मावशीपर्यंत सगळे विचारतात, "काय, विमानाचा कारखाना कसा चाललाय?" कारखाना म्हणजे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावातला एक गाळा. दोन मशीन, एक लांब बाक, आणि बायको नि मी धरून चार माणसं. आम्ही पेट्रोलच्या नळ्या आणि गाळण्या बनवतो, आणि त्या ज्यावर बसतात ते पाट. विमान बनवतात ती आमची गिऱ्हाइकं. आपापल्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार खपून, कित्येक वर्षं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलं असेल, तर इथे त्या विमानाला 'एक्सपेरिमेंटल' म्हणून परवानगी मिळते. बनवणाऱ्याला तपासणीचा परवाना मिळाला की त्या विमानाची दरवर्षीची तपासणीही तोच करू शकतो. म्हणजे मालक तोच, पायलट तोच आणि फिटरही तोच. बऱ्याचदा साठी उलटलेला, गुडघे दुखणारा फिटर.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या अण्णांचा डिझेल पंप दुरुस्तीचा गाळा होता. उसाला पाणी पाजायच्या दिवसांत शेतकरी पंप पोत्यात घालून यायचे. निम्म्या वेळा पंपाला काहीच झालेलं नसायचं. गाळणी चोंदलेली, नाहीतर लाइनीत हवा धरलेली. अण्णा विचारायचे, "गाळणी कधी खोलली होतीस?" उत्तर ठरलेलं, "खोलायला पाईप आडवा येतोय." मग अण्णा माझ्याकडे वळून म्हणायचे, "पाना जात नसंल तर मानूस कशाला बघंल तिकडं?" त्या एका वाक्यावर आज आमचं पोट आहे.

मी इथे आलो तो मशीनिस्ट म्हणून, दुसऱ्याच्या शॉपमध्ये. ऑशकॉश गाव आमच्यापासून दीड तासावर. दर जुलैअखेर तिथे घरी बनवलेल्या विमानांची जत्रा भरते. ज्या संघटनेची ती जत्रा, ती १९५३ साली मिलवॉकीतच सुरू झाली. जत्रा म्हणजे खरोखर आपली जत्रा. तंबू, धूळ, मक्याची कणसं, आणि रांगेत उभी हजारो विमानं. पहिल्या वर्षी मी नुसता वाकून वाकून लोकांच्या इंजिनात बघत फिरलो. उडणाऱ्या वस्तूत इतक्या अडचणीच्या जागी बसवलेले नट बघून मला अण्णाच आठवले.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या गृहस्थांनी गॅरेजमध्ये बोलावलं. आरव्ही-७, दोन सीटचं, पंख खाली असलेलं विमान. गृहस्थ उलटे झोपलेले: पाय सीटवर, डोकं खाली पायाने दाबायच्या पेडलांपाशी, तोंडात टॉर्च. पंपाच्या मागची गाळणी काढत होते. नट सैल झाला आणि पेट्रोल मनगटावरून बाहीत, बाहीतून थेट काखेत. विमानाचं पेट्रोल निळसर असतं आणि काखेत गेलं की आग होते. त्यांनी जी शिवी दिली ती मला तेव्हा कळली नाही, पण भावना पोचली.

पंख वर असतील तर पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरतं. पंख खाली असले की ते वर ओढावं लागतं आणि तिथून सगळी भानगड सुरू होते. इंजिनावर एक पंप, त्याला जोड म्हणून विजेचा एक. पंप जितका वर आणि इंजिनाजवळ, तितकी ओढ जास्त. ओढ जास्त म्हणजे नळीतला दाब कमी, आणि दाब कमी असला की उन्हात तापलेलं पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं. पंपाच्या हाती वाफ लागते, इंजिन उपाशी राहतं. म्हणून विजेचा पंप खाली, टाकीच्या जवळ ठेवायचा, म्हणजे तो ओढण्याऐवजी ढकलतो. आणि दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवायच्या नाहीत. एक रिकामी झाली की पंप तिच्यातली हवाच पिऊ लागतो. म्हणून टाकी निवडायच्या कॉकवर डावी, उजवी आणि बंद, एवढंच.

हे सगळं नकाशात नीट असतं. नकाशात नसतो तो माणसाचा हात. पंप खाली ठेवायचा म्हणून तो जातो जमिनीलगत, सीटच्या पुढच्या बोळात. आणि एकदा वरून पॅनेल, वायरिंग, गालिचा बसला की तिथे हात घालायला लहान पोर लागतं.

शेजाऱ्यांसाठी मी ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी मिल करून दिली. तिच्यावर पंप, गाळणी आणि पेट्रोल किती जातंय ते मोजणारा सेन्सर ओळीने बसवले. दोन्ही टोकांना एकेक जोड, दोन्ही वरून दिसणारे. पट्टीच्या आधी एक बंद करायचा कॉक, म्हणजे टाकी रिकामी करायची गरज नाही. चार स्क्रू काढले, दोन नट सोडले की सगळं एका हातात उचलून बाकावर. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा तर जेवायचा पाट झाला." नाव तेच राहिलं. आता टेक्सासहून फोन येतो तोही "पाट" मागत, फक्त त्यांचा ट जरा मऊ असतो.

पहिली खेप अकरा पाटांची. तिच्यात आमचं नाक कापलं गेलं. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवून मग जोडात बसवतात. विमानात त्या फुलवण्याचा कोन ३७ अंश असतो, मोटारीच्या ब्रेक लाइनला ४५. आमच्याकडे नुकताच लागलेला मदतनीस मोटारींच्या कामातला. तो स्वतःचं हत्यार घेऊन आला आणि मी विचारलं नाही. डोळ्यांना फरक कळत नाही. नट घट्ट बसतो, पहिल्या दिवशी गळतही नाही. आठ दिवसांनी एका गिऱ्हाइकाला जोडाखाली नखाएवढा निळा डाग दिसला. विमान अजून जमिनीवरच होतं. अकराच्या अकरा आम्ही परत मागवले, टपालखर्च आमचा, नळ्या नव्या. मदतनिसाचा काही दोष नव्हता; खेप निघण्याआधी कोन मोजायचं काम माझं होतं. ते ४५ चं हत्यार आजही भिंतीवर लाल रंग मारून टांगलंय.

त्यानंतर प्रत्येक पाट पाठवण्याआधी आम्ही पेट्रोल चालवून बघतो. १८० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण साडेसोळा गॅलन पितं. पंपाच्या व्यवस्थेने त्याच्या सव्वापट द्यायला हवं, म्हणजे साडेवीसच्या वर, आपल्या हिशोबात तासाला ७८ लिटर. पण बाकावर पाट पास झाला म्हणजे विमान पास झालं असं नाही. म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो: शेपूट खाली, नाक चढणीला असतं तितकं वर, टाकीत थोडंच पेट्रोल, मग पंप चालू करून डब्यात दहा मिनिटं भरा. १३ लिटर आलं तर ठीक.

दुसरी चाचणी बायकोची. ती डोळ्यांवर ओढणी बांधून पाट सोडवते आणि परत बसवते. तिला जो नट चाचपून सापडत नाही, त्याची जागा बदलायची. मी सुरुवातीला हसलो होतो. हसू नये.

टाकी निवडायच्या कॉकच्या जागेवरून मात्र मी गिऱ्हाइकांशी भांडतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात विमान कोसळून गेला. विमान घरी बनवलेलं, लाँग-ईझी, दुसऱ्याकडून विकत घेतलेलं. मूळ आराखड्यात कॉक पायलटच्या पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये. बनवणाऱ्याने तो नेला डाव्या खांद्याच्या मागे. कॉकपिटमधून पेट्रोलची नळी जाऊ नये एवढाच त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण उडताना मागे वळल्याशिवाय कॉक फिरत नव्हता. उड्डाणाआधी डेन्व्हरने तिथल्या मेकॅनिकबरोबर, हात पोचावा म्हणून, कॉकच्या मुठीला पक्कड लावूनही बघितली होती. कोणी म्हणालं की कॉक जरा मागे घेऊ, पॅनेल छान दिसेल, की मी ही गोष्ट सांगतो आणि ऑर्डर गेली तरी चालेल म्हणतो. दोन गेल्या.

धंद्याचं म्हणाल तर पैसा नळ्यांतच आहे, पाटात नाही. आणि विम्याचा हप्ता गाळ्याच्या भाड्याहून मोठा, त्यावर जास्त बोलत नाही. भारतात काही पाठवावं अशी फार इच्छा आहे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं विमान २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'त वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं होतं, तो फोटो आमच्या बाकावर चिकटवलेला आहे. त्यांना उडवायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. तेव्हा आम्ही गाळ्यात पेढे वाटले. इथल्या दोघांना कारण समजावून सांगायला अर्धा तास लागला.

मागच्या जानेवारीत मिनेसोटाहून एका आजोबांचा फोन. उड्डाणाआधी तळाला साचलेलं पाणी काढायला गाळणीची तोटी दाबली तर काहीच येईना. त्यांना वाटलं तोटी बिघडली, आम्हाला कळवलं ते तक्रार म्हणून. मी म्हटलं गाळणीची वाटी खोला. पेट्रोलपेक्षा पाणी जड, ते तळाला जाऊन बसतं आणि उणे वीसला तिथेच गोठतं. तासाभराने त्यांनी फोटो पाठवला: बाकावर वाटी, वाटीत जुन्या रुपयाएवढी बर्फाची चकती. खाली एकच ओळ होती, नट फिरवायला हातमोजा काढावा लागला आणि बोटं बधिर झाली. फेब्रुवारीच्या खेपेपासून तो नट आम्ही दुप्पट मोठा केला, कडेला खाचा पाडल्या. आता बायको ओढणीबरोबर लोकरी हातमोजेही घालते.