प्रोसेसरला खोडरबर लावू नका रे बाबांनो

रॅम काढायची, खोडरबर मारायचा, परत स्लॉटमध्ये दाबायची की पीसी चालू, हा फॉर्म्युला आपल्याकडं पोरं शाळेतच शिकून येतात. आणि खरं सांगू का, रॅमपुरता तो बऱ्याचदा चालतोही, म्हणून तर एवढा पसरलाय. घोळ कुठं होतो तर तोच खोडरबर घेऊन माणूस प्रोसेसरकडं वळतो.

परवा कोल्हापुरात उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलेलो. तिथले अण्णा म्हणाले, "बघ की रं जरा, सोळा जीबीची रॅम हाय, आठच दाखवालंय." ड्रॉइंग काढायचा पीसी, बाराव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आणि शेजारीच लेथ चालू. दोन्ही रॅम आलटून पालटून बघितल्या, दोन्ही ठणठणीत, पण एका बाजूच्या स्लॉटात कुठलीही घातली तरी दिसत नाही. तिथलं पोरगं म्हणालं, "दादा, प्रोसेसर घासूया का?" आणि हातात खोडरबर तयार!

पोराचा संशय चुकीचा नव्हता बरं का. पूर्वी मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, मदरबोर्डवर वेगळा असायचा, एएमडीनं 2003 च्या अॅथलॉन 64 पासून आणि इंटेलनं 2008 च्या नेहालेमपासून तो प्रोसेसरच्या पोटात घातला, त्यामुळं रॅमच्या लाइनी आता थेट प्रोसेसरच्या बुडाशी जातात. तिथल्या दोन-चार कॉन्टॅक्टना जरी नीट टेकायला जमलं नाही तर अख्खं चॅनेल, म्हणजे रॅमची एक बाजूच, गायब होऊ शकतं. म्हणजे रॅम आणि स्लॉट चांगले असताना अर्धीच रॅम दिसत असेल तर प्रोसेसर काढून बघण्यात अर्थ आहे. फक्त घासण्यात नाही.

कारण त्या प्रोसेसरखाली 1700 पिवळे ठिपके असतात आणि ते पिवळं म्हणजे निकेलवर चढवलेला सोन्याचा मुलामा, तोही मायक्रॉनच्या हिशोबातला. गुजरीतनं, म्हणजे सराफ बाजारातनं, घेतलेल्या एक ग्रॅमच्या दागिन्याला कुणी खोडरबर घासतं का, मग इथं कशाला. शिवाय सोनं गंजत नाही, त्यामुळं घासून काढावं असं तिथं काही नसतंच, असतं ते बोटाचं तेल, घाम, नाहीतर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, कडेनं उतरलेली थर्मल पेस्ट. आणि खोडरबरचा चुरा पडतो तो सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसायच्या जागेत, गेला तर संपलंच, कारण तिथं केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या पिना उभ्या असतात.

तर पीसी बंद केला, प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला. आपल्याकडं पावसाळ्यात हवा एवढी दमट असते की स्टॅटिकचा, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेचा, त्रास तसा कमी, पण थंडीत स्वेटर घालून हे उद्योग करू नका. प्रोसेसर कडांना धरून उचलला. खाली एका कोपऱ्याकडच्या ठिपक्यांवर तेलकट पातळ थर, लेथजवळच्या पीसीत दुसरं काय सापडणार.

चष्मा पुसायच्या स्वच्छ मायक्रोफायबरवर 99 टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, कापड ओलं पाहिजे, गळतं नको, आणि हलक्या हातानं एकाच दिशेला पुसलं. मधोमध बारीक बारीक कपॅसिटर असतात त्यात कापड अडकू द्यायचं नाही. मग पाच-दहा मिनिटं वाळू दिलं. कोरोनातली उरलेली सॅनिटायझरची बाटली बऱ्याच जणांकडं अजून आहे, ती यासाठी नको, त्यात पाणी असतं आणि डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात तर 1.45 टक्के ग्लिसरॉल आहे, म्हणजे पुसायला गेलात आणि चिकटवून आलात. थिनरचं तर नावच काढू नका. आणि अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा उदबत्ती, बिडी लांब.

सॉकेटला मात्र मी हात लावत नाही. कापूस नाही, कापड नाही, ब्रशपण नाही. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघायचं, सगळ्या पिना सारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली की ती वाकलेली. धूळ असली तर कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर मारायचा, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. उद्यमनगरात तर लोखंडाचा कीस हवेतच असतो आणि तो करंट वाहून नेतो, म्हणून सॉकेट उघडा टाकून चहाला जायचं नाही. पिना वाकल्याच असतील तर मोबाईल रिपेअरवाल्याकडं जा, त्यांच्याकडं मायक्रोस्कोप असतो आणि हातपण बसलेला असतो.

एएमडीचं जुनं एएम4 सॉकेट वापरणाऱ्यांचं गणित उलटं, तिथं 1331 पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळं प्रोसेसर सॉकेटमधनं उपटून येतो, म्हणून आधी पीसी थोडा चालवून गरम करायचा, बंद करून प्लग काढायचा आणि मग कूलर हळू पिळत सोडवायचा. 2022 मध्ये आलेल्या एएम5 ला पिना सॉकेटमध्ये गेल्या, त्यामुळं नवीन घेणाऱ्यांना वरचं सगळं लागू.

परत बसवताना खाचा जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, दाबायचं काम लिव्हरचं. कूलरचे स्क्रू तिरप्या जोडीनं थोडे थोडे आवळले. अण्णांच्या पीसीवर सोळा दिसली. आता ती पुसल्यामुळं दिसली का नुसतं काढून नीट बसवल्यामुळं, हे मी छातीठोक सांगणार नाही, कारण कूलर एका बाजूला जास्त आवळला तरी असंच चॅनेल जातं.

अण्णा म्हणाले, "म्हंजे पोरगं घासलं असतं तर?"

पोरगं खोडरबर खिशात घालून लेथकडं पसार.

आणि हो, मदरबोर्डबरोबर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं टोपण येतं ते टाकू नका. बोर्ड वॉरंटीत पाठवायचा झाला तर ते लावूनच पाठवावा लागतो, आणि वाटेत पिना वाकल्या तर साधारण वॉरंटीत धरत नाहीत. मी ती टोपणं स्क्रूच्या डबीत टाकतो, कुणाला 1700 चं पाहिजे असेल तर सांगा, दोन जास्तीची पडून आहेत.