गोदाकाठची मोजणी

“नदीनं रान खाल्लं तवा कुणी फिरकलं न्हाई, आता गाळ टाकला तर लगीच टेप घेऊन आले,” असे पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठी एक वृद्ध शेतकरी आज मला म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा हिशेब अधिक होता.

त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला सातबारा होता, आणि मोजणीची चुन्याची रेघ त्यांच्या उभ्या तुरीतून गेली होती. रेघेच्या अलीकडे शेत, पलीकडे नदीपात्र, म्हणजे सरकार.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले व त्यांची पात्रे शासनाची आहेत, आणि ते मला योग्यच वाटते, कारण पात्र खासगी झाले तर (वाळूचे काय होते ते आपण पाहतोच) पाण्यावरचा सर्वांचा हक्क नावापुरताच उरेल. परंतु कोणी हक्क सांगितल्यास जिल्हाधिकाऱ्यांनी रीतसर चौकशी करून निर्णय द्यावा, असेही तेच कलम सांगते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तरी अनुच्छेद ३००क नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही.

नोटीस आली होती का, असे विचारले, तर उत्तर मिळाले, “फोन आलता.”

पात्र दर पुरागणिक सरकते, नकाशावरची हद्द मात्र जागची हलत नाही. मग वाद उभा राहिल्यावर नेमका कोणत्या वर्षीचा काठ प्रमाण धरायचा?